साहेब, रेघ मान्य आहे, पण भिंतीचं काय करू?

मा. मुख्याधिकारी साहेब, नगररचना विभागातले साहेब आणि मॅडम, बांधकाम विभागातले साहेब (हे दोन विभाग वेगळे असतात हे मला आता चांगलंच कळलंय, त्यावर पुढे येतेच) आणि जलसंपदा खात्यात ज्यांनी कुणी आमच्या गल्लीतून पूररेषेची निळी रेघ ओढली ते,

सगळ्यांना नमस्कार.

पडायला आलेलं घर परत बांधायची परवानगी मिळावी म्हणून अर्ज करून करून कंटाळले, म्हणून हे उघड पत्र लिहितेय. अर्जात काय होतं, 'वरील विषयास अनुसरून' लिहिलं की पुढे मनातलं काही लिहिताच येत नाही, सगळं 'सदर मिळकत' आणि 'उपरोक्त' होऊन जातं. गावाचं नाव मुद्दाम घालत नाहीये. नाव घातलं की कोण साहेब ते लगेच कळतं आणि माझं भांडण माणसाशी नाहीच. कृष्णाकाठचं नगरपालिकेचं गाव आहे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना गिरणी म्हणल्यावर कळेलच.

आमचं घर नदीवेशीत आहे, चार खणांचं, कौलारू, दगडी जोतं, पुढची भिंत विटांची आणि बाकीच्या पांढऱ्या मातीच्या. डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सासऱ्यांच्या जुन्या घराला तडे गेले, म्हणून १९६८ ला ते उतरवून त्याच जागेवर हे बांधलं. परवानगी काढून बांधलं. माझे सासरे कोर्टात बेलीफ होते, त्यांनी कागदाशिवाय आयुष्यात शेळीसुद्धा विकत घेतली नाही असं सासूबाई सांगायच्या. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे, ती आधी सासूबाई चालवायच्या, आता मी चालवते.

त्या गिरणीच्या खोलीत दाराच्या आतल्या चौकटीवर तीन खुणा आहेत. नवऱ्याने खिळ्याने ओढल्यात आणि वर ऑईलपेंटने साल लिहिलंय. २००५ ची सव्वातीन फुटांवर. २०२१ ची साडेचार फुटांवर. आणि २०१९ ची सात फुटाला जेमतेम दोन बोटं कमी. तुमच्या खात्यातला सर्व्हेवाला पोरगा ते लांब पाय असलेलं मशीन घेऊन आला होता तेव्हा त्याला मी या खुणा दाखवल्या, त्याने मोबाईलवर काहीतरी हिशोब केला आणि म्हणाला काकू तुमची २०१९ ची खूण आणि आमची लाल रेषा बरोबर एकाच लेव्हलला येतात. जोत्यापासून २.१ मीटर वर. मी म्हणलं बाळा तुमच्या आधी आमच्या खिळ्याने रेघ ओढली की रे.

हे एवढ्यासाठी सांगतेय की तुम्हाला वाटू नये ही बाई पूररेषा खोटी आहे म्हणून भांडायला आलीय. आमच्या गल्लीत तसं म्हणणारे आहेत. शेजारचे तात्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगतात की रेषा एसीत बसून मारली, आणि लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. निळ्या रेषेच्या आत म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणारं पाणी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणारं, असं ते मोजतात. आम्ही तर १६ वर्षांत तीनदा पाणी घरात घेतलं. २०१९ ला गिरणीची मोटर माळ्यावर चढवायला चार माणसं लागली, दोरखंडाने ओढली, आणि शेवटी माळाही बुडेल की काय म्हणून आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट बोटीत बसवलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. त्यानंतर मी कुणाला 'रेषा काढून टाका' म्हणेन का? रेघ मान्य आहे साहेब. १९८९ पासून पाटबंधारे (म्हणजे आताच्या जलसंपदा) खात्याचं परिपत्रक आहे म्हणे निषिद्ध क्षेत्र (निळ्या रेषेच्या आतलं) आणि नियंत्रित क्षेत्राचं (निळी ते लाल रेषेमधलं), तेही मान्य. पुराची कारणं तपासायला नेमलेल्या वडनेरे समितीने नदीकाठच्या बांधकामांकडे बोट दाखवलं, तेही बरोबरच. फक्त माझं घर त्या परिपत्रकाच्या २१ वर्षं आधीचं आहे, रेघ घरावर आलीय, घर रेघेवर गेलेलं नाही.

आता मुद्दा.

२०१९ आणि २०२१ च्या दोन्ही पुरात पाणी आठवडाभर उभं होतं. ओलं पीठ वाळलं की काय होतं माहितीय का, दगड होतो, जात्याच्या फटीत, चाळणीत, भिंतीच्या भेगेत सगळीकडे, छिन्नीने काढलं मी ते. पण ते निघतं. भिंतीतलं पाणी निघत नाही. २०१९ नंतर मागच्या भिंतीला पोट आलं, २०२१ ला ती अर्धी बसली. सरकारने २०१९ ला शहरी भागात घरटी १५,००० दिले, ते मिळाले, नाही म्हणणार नाही, त्यात मोटर रिवाइंड केली आणि मागच्या भिंतीला खालून विटा लावल्या. आता पुढची भिंत रस्त्याकडे कललीय. ओळंबा सोडून बघा, वर आणि खाली मिळून चार इंचाचा फरक आहे.

मग मे महिन्यात बांधकाम विभागाची नोटीस आली. नगरपरिषद अधिनियम १९६५, कलम १९५, आपली इमारत धोकादायक झाली असून ती त्वरित उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. बरोबर आहे. मी नाही म्हणलं नाही. मी एका लायसन इंजिनिअरला गाठलं, त्याने नकाशा केला, पोर्टलवर फाईल चढवली, छाननी फी भरली. ऑगस्टमध्ये नगररचना विभागाचं पत्र आलं. सदर मिळकत पूररेषेतील निषिद्ध क्षेत्रात येत असल्याने बांधकाम परवानगी देता येत नाही.

म्हणजे बघा, एक खोली म्हणते घर पाड, दुसरी खोली म्हणते परत बांधायचं नाही. दोन्ही पत्रं एकाच इमारतीतून, एकाच जिन्याने खाली आली. आणि दोन्हीच्या खाली सही एकच आहे साहेब, तुमची. मी दोन्ही शेजारी शेजारी लॅमिनेट करून गिरणीत लावलीत, दळण द्यायला येणारी माणसं वाचतात आणि हसतात. मला आधी हसू यायचं, आता येत नाही.

माझा भाचा लॉ करतोय, शेवटच्या वर्षाला आहे. त्याने मला एमआरटीपी कायदा, म्हणजे तो १९६६ चा नगररचनेचा कायदा, त्यातलं कलम ४३ वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की विकासाला परवानगी लागते, पण काही कामांना लागत नाही, घराच्या आतली दुरुस्ती, बाहेरून फारसा फरक न दिसणारी दुरुस्ती, आणि दुसऱ्या कायद्याखाली कुठल्या अधिकाऱ्याने आदेश दिला असेल तर त्या आदेशाप्रमाणे केलेलं काम. भाचा म्हणतो मावशी तुझी नोटीस हाच आदेश आहे. मी त्याला म्हणलं अरे पण आदेश उतरवायचा आहे, बांधायचा नाही. त्यावर तो गप्प बसला, मग म्हणाला यावर कोर्टात वाद होऊ शकतो. वाद होऊ शकतो म्हणजे फी होऊ शकते, एवढं मला कळतं. नकाराविरुद्ध कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं, पण ४० दिवसांत. पत्र मला मिळालं तेव्हा त्यावरची तारीख आधीच पंधरा दिवस जुनी होती, आणि गणपती होते, आणि सासूबाई ॲडमिट होत्या. भाचा म्हणाला दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजतात, पण तोवर तेही उलटून गेलेले. चुकलं ते माझं.

पण खरी मजा पुढे आहे.

तुमचाच नियम आहे, राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली, युडीसीपीआर म्हणतात त्याला, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाला, मुंबई सोडली तर जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे. त्यात पूररेषेवर स्वतंत्र नियम आहे. नदीकाठ ते निळी रेषा, बांधकाम बंद, बागबगीचा, पार्किंग, भाजीबाजार, स्मशान असलं चालेल. पण त्याच्याच पुढचं वाक्य असं आहे की तिथे आधीपासून असलेल्या अधिकृत मिळकतींचा पुनर्विकास करू देता येईल, अट एवढीच की घर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे आणि पाटबंधारे खात्याची एनओसी पाहिजे. माझ्या इंजिनिअरने नेमकं तेच काढून दिलं होतं. जोत्यापासून लाल रेषा २.१ मीटर, त्यात ०.४५ मिळवा, २.५५, म्हणजे ८ फूट ४ इंच. खाली नुसते कॉलम, मोकळं, पाणी येऊ दे आणि जाऊ दे, वर दोन खोल्या आणि गिरणी. (आता सत्तरीच्या बायका ज्वारीचा डबा घेऊन आठ फूट कशा चढणार हा प्रश्न आहेच, मी कप्पी लावणार आहे, विहिरीला असते तशी.) म्हणजे मला जसं घर पाहिजे तसंच तुमच्या पुस्तकात लिहिलंय. मग नकारपत्रात नुसतं 'निषिद्ध क्षेत्र' एवढंच का लिहिलं? पुढचं वाक्य कुणी वाचलंच नाही का?

हे विचारायला मी स्वतः वर आले होते. नगररचनातल्या मॅडमनी नियम नाकारला नाही, त्या चांगल्या बोलल्या, बसा म्हणाल्या. त्या म्हणाल्या काकू त्यात शब्द आहे 'अधिकृत'. तुमचं घर अधिकृत आहे हे दाखवा, १९६८ ची बांधकाम परवानगी आणा.

घरातली प्रत २००५ ला गेली. ट्रंकेत होती, ट्रंक सापडली, आत लगदा होता, सासऱ्यांच्या फोटोसकट. मग मी माहिती अधिकारात तुमच्याच ऑफिसात अर्ज केला की बाबांनो तुमच्याकडची प्रत द्या. उत्तर आलं, जसंच्या तसं आठवतंय कारण तेही लॅमिनेट केलंय, 'सदर अभिलेख सन २००५ च्या महापुरात नष्ट झाला असल्याने माहिती उपलब्ध नाही.'

नष्ट होणारच. नगरपालिकेची जुनी इमारत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे, रेकॉर्ड रूम तळमजल्यावर होती. तीसुद्धा निळ्या रेषेत येते साहेब. तुमच्या फायली आणि माझी ट्रंक एकाच पाण्यात, एकाच रात्री भिजल्या. तुमच्या फायली भिजल्या तर ती नैसर्गिक आपत्ती आणि माझी ट्रंक भिजली तर माझं घर अनधिकृत, हे मला काही केल्या समजत नाही.

बरं, बाकी काय काय आहे ते सांगते. १९६९ पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, मधल्या सात-आठ सोडल्या तर सगळ्या, कारण त्या सासूबाईंनी पत्र्याच्या डब्यात घालून माळ्याच्या आढ्याला टांगल्या होत्या (कागदाच्या बाबतीत त्या सासऱ्यांच्या पुढे होत्या). सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, त्यावर घराची नोंद. एमएसईबीच्या काळातलं गिरणीचं पाच हॉर्सपॉवरचं कनेक्शन. गिरणीचा नगरपालिकेचाच परवाना, दरवर्षी रिन्यू केलेला. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ते पावतीवरच बारीक अक्षरात छापलंय. मान्य. पण मग एक सांगा, अनधिकृत बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आहे आणि आपल्या गावात ती बऱ्याच जणांना लागलीय. आम्हाला एकाही वर्षी लागली नाही. का नाही लागली? कारण तुमच्या टॅक्स विभागाच्या रजिस्टरात आमचं घर अधिकृत आहे. तळमजल्यावर अधिकृत आणि पहिल्या मजल्यावर अनधिकृत, असं एकच घर कसं काय असू शकतं?

आणि लपवायचं काही नाही म्हणून हेही लिहिते. मागे एक पत्र्याची पडवी आहे, दहा बाय आठची, १९९१ ला नवऱ्याने घातली, तिला परवानगी घेतली नव्हती. तेव्हा कुणीच घेत नव्हतं, पण नव्हती घेतली हे खरं. ती मी पाडते, आधी पाडते, स्टॅम्प पेपरवर लिहून देते. गल्लीतले लोक म्हणतील ही बाई स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय, मारू दे.

अर्जाचे ६० दिवस हा अजून एक विनोद. कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं, नियमात बसत असेल तर. हे वाचून मी दुसऱ्यांदा फाईल टाकली आणि कॅलेंडरवर खुणा करत बसले. ५४ व्या दिवशी त्रुटीपत्र आलं, उत्तर दिशा नकाशात दाखवली नाही म्हणून. दाखवली होती, पण बाण लहान होता. बाण मोठा करून दिला, दिवस परत एकपासून सुरू. मग ५६ व्या दिवशी दुसरी त्रुटी, शेजाऱ्याचं सामाईक भिंतीचं संमतीपत्र. हे मात्र रास्त होतं, आमची आणि तात्यांची भिंत एकच आहे, मी माझी बाजू उतरवली तर त्यांचा माळा खाली येणार. पण ते पहिल्याच पत्रात मागितलं असतं तर?

सामाईक भिंतीवरून सुचलं ते सांगते, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. आमच्या ओळीत अकरा घरं आहेत आणि अकराच्या अकरा घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक आहेत. एकट्या माझ्या घराला परवानगी दिलीत तरी मी एकटी आठ फूट वर जाऊन बसणार आणि दोन्ही बाजूंची घरं पाण्यात ढासळणार. त्यामुळे फाईल एकेकाची बघू नका. अकरा घरांचा मिळून एकदाच सर्व्हे करा, एकच पूररेषा दाखला, पाटबंधारेची एकच एनओसी. जुन्या दाट वस्तीला बाजूच्या मार्जिनची (मोकळी जागा सोडायची) सूट नियमात आहेच. आणि 'अधिकृत' ठरवायला कुठले कागद चालतील याचा एक लेखी निर्णय द्या, जुनी प्रॉपर्टी कार्डं, अमुक सालाआधीची घरपट्टी, जे काय असेल ते. तुम्ही म्हणाल तारीख १९८९ च्या आधीची पाहिजे, चालेल, आमच्या ओळीतल्या नऊ घरांची आहे. दोघांची नाही, ते माझ्यावर चिडतील, पण त्यांच्याकडे तेव्हाचं खरंच काही नाही.

किंवा मग दुसरं. सरळ सांगा की इथे कुणीच राहायचं नाही, आणि वरच्या अंगाला जागा द्या, गावापासून चालत जाता येईल एवढ्यावर, आणि या जागेचे पैसे द्या. मी जाईन. खरंच जाईन. गिरणी कुठेही चालते, लोकांना पीठ लागतंच. नवरा येणार नाही म्हणतो, पण तो २०१९ लाही येणार नाही म्हणत होता, मग बोटीत सगळ्यात आधी बसला. पण ते विचारलं तर तुम्ही म्हणता पुनर्वसनाचं आमच्याकडे काही नाही, जिल्ह्याला विचारा, आणि जिल्ह्याला विचारलं तर ते म्हणतात घर अजून उभं आहे, पूर्ण पडलेलं नाही, पडझडीत बसत नाही. म्हणजे घर पडायची वाट बघायची का? आणि ते पडणार रस्त्यावर, कारण कललंय तिकडेच, आणि सकाळी आठ ते अकरा तिथे डब्यांची रांग असते.

बँकेचं पण सांगते म्हणजे एकदाच होऊन जाईल. इंजिनिअरचं एस्टिमेट साडेचौदा लाखाचं आहे. माझी एफडी आणि नवऱ्याचे एसटीतून रिटायर झाल्यावरचे पैसे मिळून सहा-साडेसहा होतात. बाकीचं कर्ज काढायचं तर बँकेला मंजूर नकाशा पाहिजे. मंजूर नकाशा तुमच्याकडे अडकलाय. विना परवाना बांधलं तर कर्ज नाही, वरून तुमची कलम ५३ ची नोटीस येणार, पाडून टाका म्हणून. तसं गावात लोक करतात, मागच्या अंगाला नदीच्या बाजूला मुरूम टाकून टाकून चांगलं मोठं पटांगण उभं राहिलंय, तिथे लग्नं लागतात, त्याचं मी नाव घेत नाही, तुम्ही पण तिथे जेवायला होता असं ऐकलं. जाऊ दे.

सध्या पुढच्या भिंतीला निलगिरीच्या चार बल्ल्या लावल्यात रस्त्याच्या बाजूने टेकू म्हणून. त्यावरून आता तुमच्या अतिक्रमण विभागाचा माणूस येऊन गेला, रस्त्यात अडथळा होतोय काढून घ्या म्हणाला. मी त्याला तुमची १९५ ची नोटीस दाखवली, त्याने वाचली, दोन मिनिटं उभा राहिला आणि चहा पिऊन गेला.

गिरणी सोमवारी बंद असते. कुठल्याही सोमवारी या, तुम्ही, मॅडम, आणि पाटबंधारेचे कोणी असतील तर ते, आणि येताना टेप घेऊन या. चौकटीवरच्या खुणा मोजा, पावत्यांचा डबा खाली काढून ठेवते, तात्यांनाही बोलावते, ते बडबड करतील, तेवढं ऐकून घ्या. त्या बल्ल्यांचं भाडं महिन्याला सहाशे रुपये आहे, दहा महिने झाले मी भरतेय, त्याच्याही पावत्या ठेवल्यात.

आपली,
नदीवेशीतली गिरणीवाली